युरियाची गोणी येण्याआधी कोकणात खताचा हिशोब मांडणारे अप्पासाहेब पटवर्धन

मुंबई-गोवा हायवेनं कणकवली गाठली की वागदे गावात गोपुरी आश्रम लागतो. बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत. पर्यटकांना मालवण गाठायचं असतं, तारकर्लीचं बुकिंग झालेलं असतं. कणकवलीवरून वाहणारी गड नदीसुद्धा मालवणकडेच निघालेली असते. सह्याद्रीतून उतरायचं, भाताचे मळे आणि आंबा-काजूच्या बागा ओलांडायच्या आणि कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळायचं, एवढाच तिचा प्रवास.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात या नदीचं पाणी तांबडं होतं. ती जांभ्याची माती असते, ती डोळ्यांना दिसते. पण त्याच पाण्यात विरघळून जे जातं ते दिसत नाही. शेतात टाकलेल्या खतातलं पिकाला न लागलेलं नत्र, बागेत फवारलेल्या औषधाचा अंश, घराघरांतल्या शोषखड्ड्यांतून झिरपलेलं पाणी, हे सगळं शेवटी खाली किनाऱ्याकडेच येतं.

शेतातून काय गेलं आणि शेतात परत काय आलं, हा हिशोब ज्या माणसानं आयुष्यभर धरून ठेवला, त्यानंच ही गोपुरी उभारली. नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणायचे, आणि कोकणचे गांधीही म्हणायचे. आज त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा अस्पृश्यता निवारण, स्वच्छता आणि स्वातंत्र्यलढा या संदर्भात. ते बरोबरच आहे. पण जमिनीच्या पोटाचा विचार करणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. खरं तर त्यांच्या लेखी स्वच्छता आणि शेती हे दोन विषय नव्हतेच. ते एकाच गोष्टीचे दोन शेवट होते.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ साली, म्हणजे अप्पासाहेब गेल्यावर दहा वर्षांनी. त्यांच्या हयातीत कणकवली, मालवण, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरीतच मोडायचं. चित्पावन ब्राह्मण घर, अभ्यासात हुशार मुलगा, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. त्या काळात एवढं शिकलेल्या माणसाला पुण्या-मुंबईत प्राध्यापकी करत आयुष्य सुखात काढता आलं असतं. पण हा तरुण गांधींच्या संपर्कात आला आणि त्याची वाट बदलली. गांधींची आत्मकथा मराठी माणसानं ज्या अनुवादात वाचली, तो अनुवाद अप्पासाहेबांचा.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर त्या मे महिन्यात मोठी गर्दी उसळली होती. त्या आंदोलनाच्या काळात अप्पासाहेब तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग घडला तो याच तुरुंगवासात. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण खताचा सगळा विषय तिथूनच सुरू होतो.

तुरुंगातला संडास कोण साफ करणार

साल १९३२. अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेव्हा तुरुंगातसुद्धा कामं जातीवर वाटली जायची. मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जायचं. अप्पासाहेबांनी मागणी केली की हे काम मला द्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पडला. काम टाळायला धडपडणारे कैदी त्यांनी खूप पाहिले होते, पण एक ब्राह्मण एम.ए. कैदी मैला उचलायला मागतोय हे त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं.

ही बातमी येरवड्याला पोचली. गांधी तिथे कैदेत होते. पुणे करारासाठी केलेलं त्यांचं उपोषण सप्टेंबरमध्ये नुकतंच संपलं होतं, अंगात ताकद यायची होती. तरीही अप्पासाहेबांच्या मागणीसाठी त्यांनी ३ डिसेंबर १९३२ ला पुन्हा उपवास धरला. सरकारनं फेरविचाराचं आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला. एका कैद्याला संडास साफ करू द्यावा म्हणून झालेलं उपोषण जगाच्या इतिहासात दुसरं सापडणं कठीण आहे.

आता कुणी म्हणेल, यात पर्यावरण कुठे आलं?

त्यासाठी जुनी शेती कशी चालायची ते बघावं लागेल. पीक काढलं की जमिनीतून काही ना काही बाहेर जातंच. एक टन भात साधारण पंधरा ते वीस किलो नत्र जमिनीतून उचलतं, शिवाय स्फुरद आणि पालाश वेगळं. ते तांदळातून माणसाच्या पोटात जातं, पेंढ्यातून गुराच्या पोटात जातं. गुराचं शेण शेतात परत यायचं. कोकणात त्याला जोड होती भाजावळीची. उन्हाळ्यात तरव्याच्या जागेवर शेण, पाला आणि फांद्यांची कवळं पसरून जाळायची, मग पाऊस पडला की तिथे भात पेरायचं. (यात नत्र धुरातून उडून जातं आणि डोंगरावरच्या झाडांची छाटणीही भरपूर होते, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं काही नाही.) किनाऱ्यावर माडांना सुक्या मासळीची कुटी घालायचे. म्हणजे समुद्रात गेलेलं थोडंफार समुद्रातूनच परत यायचं.

राहिला माणूस. जे आपण खातो त्यातलं बहुतेक नत्र आणि स्फुरद शरीराबाहेर टाकतो. चीन आणि जपानमध्ये शतकानुशतकं हा मैला शेतात जायचा. फ्रँकलिन किंग नावाच्या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञानं या शेतीवर लिहिलेलं पुस्तक १९११ साली आलं आणि पुढच्या काळात सेंद्रिय शेतीवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. जर्मनीच्या लिबिगनं तर त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच, लंडनचं सांडपाणी थेम्समध्ये सोडण्यावर टीका केली होती. त्याच्या मते शहरं खेड्यांच्या जमिनीची लूट करून ती नदीत ओतत होती. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात पालापाचोळा आणि शेण यांचं कंपोस्ट करायची पद्धत बसवली, ती आजही इंदूर पद्धत म्हणून शिकवली जाते.

भारतात मात्र या साखळीत एक भयंकर गोष्ट होती. माणसाच्या मैल्याला हात लावायचा तो एका जातीनंच. शहरात आणि मोठ्या गावांत टोपलीचे संडास असायचे, आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणारी माणसं ठरलेली असायची. त्यांनी नेलेल्या मैल्याचं सोनखत व्हायचं, त्यावर भाजीपाला पिकायचा. खाणाऱ्याला भाजी चालायची, ती पिकवण्यासाठी राबलेला माणूस चालायचा नाही.

म्हणूनच मला वाटतं, आज नैसर्गिक शेतीचे जे गोडवे गायले जातात त्यात अप्पासाहेबांची आठवण काढणं फार गरजेचं आहे. जुन्या खताची साखळी निसर्गाला धरून होती हे खरंच. पण ती एका समाजाच्या अपमानावर उभी होती. अप्पासाहेबांना साखळी टिकवायची होती आणि अपमान संपवायचा होता. दोन्ही एकाच वेळी. त्याचं उत्तर फक्त समजावून सांगून मिळणार नव्हतं, ते संडासाच्या बांधकामात शोधावं लागणार होतं.

गोपुरीत काय चाललं होतं

१९४७ च्या डिसेंबरात मीराबेन यांच्या पुढाकारानं दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, धान्याची टंचाई होती, आणि खत कुठून आणायचं हा प्रश्न सरकारपुढे होता. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, कणकवलीजवळ वागदे इथे अप्पासाहेबांची गोपुरी उभी राहिली.

तिथली कामं बघितली तर त्यात एक सूत्र दिसतं. समाज ज्या गोष्टी घाण म्हणून गावाबाहेर टाकतो, त्या सगळ्या तिथे आत घेतल्या गेल्या. मेलेलं जनावर घ्या. गावात बैल मेला की त्याला ओढून नेणं, कातडं सोडवणं ही कामंही जातीवर ठरलेली. अप्पासाहेबांनी ती स्वतः केली. कातड्याचं चामडं होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मांस आणि हाडं यांचंही खत होतं. हाडात स्फुरद असतं आणि कोकणच्या मातीत नेमकी त्याचीच अडचण. जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. टाकलेलं स्फुरद ते धरून ठेवतात आणि पिकाच्या मुळाला सहज सोडत नाहीत. अशा जमिनीत हाडं वाया घालवणं म्हणजे घरचे पैसे विहिरीत टाकणं.

आणि मग संडास. गोपुरी संडास या नावानं तो पुढे ओळखला गेला. त्याची मूळ कल्पना अगदी सोपी आहे. एकाच्या जागी दोन कप्पे करायचे. एक कप्पा वापरात ठेवायचा. प्रत्येक वेळी मैल्यावर माती, राख किंवा सुका पाला टाकायचा. त्यामुळे वास येत नाही, माशी बसत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुजण्यासाठी जे प्रमाण लागतं ते जमतं. मैल्यात नत्र खूप आणि कर्ब कमी. पाल्यात कर्ब खूप आणि नत्र कमी. सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब मिळाला की ते झपाट्यानं काम करतात. कप्पा भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मालाची माती झालेली असते. ती फावड्यानं काढायची आणि शेतात न्यायची.

हे वाचताना अनेकांना किळस वाटेल. अप्पासाहेबांच्या काळातल्या लोकांनाही वाटली. पण या रचनेत नेमकं काय साधलंय ते बघा. ताज्या मैल्याला कुणालाच हात लावावा लागत नाही. रोज टोपली उचलणारा माणूसच या व्यवस्थेतून नाहीसा होतो. जे हातात येतं ती वास नसलेली काळसर माती असते, आणि ती काढायला जात लागत नाही. यात एकच पथ्य असतं, घाई करायची नाही. जंतांची अंडी फार चिवट असतात, ती मरायला भरपूर उष्णता तरी लागते किंवा भरपूर वेळ तरी. अर्धवट कुजलेलं खत भाजीला घातलं तर आजार परत ताटात येतो.

शिवाय मैल्यापासून गॅस करण्याचाही प्रयत्न झाला. हवाबंद टाकीत कुजवलं की जळणारा वायू मिळतो, चूल पेटते, आणि उरलेली मळी खत म्हणून वापरता येते. कोकणातल्या बाईचा दिवसाचा मोठा भाग तेव्हा जळण गोळा करण्यात जायचा, हे लक्षात घेतलं तर या एका टाकीत किती प्रश्न एकत्र आले होते ते कळेल.

मग हे घरोघर का पसरलं नाही? एक तर कोकणात मोकळी जागा आणि झाडी भरपूर. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जाणाऱ्याला बांधीव संडासाचं महत्त्व पटत नव्हतं. ज्यांना पटलं त्यांच्याकडे बांधायला पैसे नव्हते. आणि दोन्ही असले तरी दोन वर्षांनी कप्पा उघडून फावडं मारायची वेळ आली की जुन्या सवयीनं त्या कामासाठी माणूस शोधला जायचा. कोणता माणूस, ते सांगायला नको. अप्पासाहेबांनी तंत्रातून जात काढली होती, लोकांच्या मनातून ती निघाली नव्हती.

तिकडे गोण्या यायला लागल्या

आता जरा बाहेर बघू. हवेतलं नत्र पकडून त्याचा अमोनिया बनवायचं तंत्र जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधलं आणि १९१३ साली ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांचं पोट या कृत्रिम नत्रावर भरतं असं मानलं जातं. भारतात सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, म्हणजे गोपुरीनंतर अवघ्या तीन वर्षांनी.

१९५०-५१ मध्ये सगळ्या देशात मिळून सत्तर हजार टनांच्या आसपास रासायनिक अन्नद्रव्यं वापरली जात होती. हरितक्रांती आली, आणि १९७०-७१ मध्ये हाच आकडा वीस लाख टनांच्या वर गेला. १० मार्च १९७१ ला अप्पासाहेब गेले. ज्या वीस वर्षांत ते एकेक कप्पा बांधून दाखवत होते, त्याच वीस वर्षांत देशाचा खतवापर तीसपट झाला. २०२०-२१ मध्ये तो सव्वातीन कोटी टनांच्या जवळ पोचला.

इथं अप्पासाहेबांच्या बाजूनं भावनेत वाहून जाण्यात अर्थ नाही. साधं गणित करू. भारतीय आहारावर एक माणूस वर्षाला अडीच ते तीन किलो नत्र बाहेर टाकतो, त्यातलं बहुतेक लघवीतून. पाच जणांच्या घरातून तेरा-चौदा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २१ किलोच्या आसपास. म्हणजे एका घराचा वर्षभराचा मैला आणि मूत्र मिळून एका गोणीच्या दोन-तृतीयांश. देशाचा हिशोब मांडला तर १४० कोटी माणसांकडून चाळीस लाख टनांच्या आत-बाहेर नत्र मिळेल, आणि आपण दरवर्षी वापरतो ते नत्र दोन कोटी टनांच्या घरात. सगळ्या देशानं अप्पासाहेबांचं ऐकलं असतं तरी पाचवा हिस्सा भागला असता. त्या काळात भुकेचा प्रश्न गोणीनं सोडवला, हे मान्य करायलाच हवं.

पण या गणिताची दुसरी बाजूही आहे. भाताच्या शेतात टाकलेल्या युरियातलं जेमतेम तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के नत्र पिकाला लागतं. उरलेल्यातलं काही अमोनिया होऊन उडतं. काही नायट्रस ऑक्साइड बनतं, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. बाकीचं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे जे वाया जातं तेच माणसाकडून परत मिळू शकणाऱ्या नत्राच्या कितीतरी पट आहे. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं ते हा विरघळण्याचा वेग कमी करण्यासाठी.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या मातीत सेंद्रिय पदार्थ नसले तर नत्र धरून ठेवायला काहीच नसतं. पंजाबात खताचा दुष्परिणाम विहिरीच्या पाण्यात साठत जातो, इथं तो धुऊन नदीत जातो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको अशी मर्यादा आहे. समुद्रात मात्र त्याहून फार कमी नत्रानंही फरक पडतो. शेवाळ वाढतं, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. अमेरिकेत मिसिसिपी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दर उन्हाळ्यात असा प्राणवायू नसलेला मोठा पट्टा तयार होतो, त्याचं मोठं कारण वरच्या राज्यांतली मक्याची शेती. कोकणात मक्याची तेवढी शेती नाही, गड आणि कर्ली या लहान नद्या आहेत. पण त्यांच्या मुखाशी काय आहे ते बघायला हवं. कांदळवनं आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, आणि १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला स्वच्छ, नत्र कमी असलेलं पाणी लागतं. रापण ओढणाऱ्याची आणि गिलनेट लावणाऱ्याची मासळी ज्या खाड्यांत वाढते त्या याच.

कोकणातली सघन शेती म्हणजे मुख्यतः हापूसची बाग. हापूस मुळात एक वर्ष आड धरणारं झाड. दरवर्षी आणि लवकर मोहोर यावा म्हणून बागायतदार झाडाच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल घालतात, कल्टार या नावानं ते गावोगाव ओळखलं जातं. ते झाडाच्या वाढीचं संप्रेरक अडवतं आणि झाडाची ताकद फुलाकडे वळवतं. ते मातीत दीर्घकाळ टिकतं. प्रमाण चुकलं, किंवा सोबत भरपूर सेंद्रिय खत घातलं नाही, तर झाड दमतं. मग मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडी येतात, त्यासाठी फवारण्या. हवामान बिघडलं की फवारण्या वाढतात, औषधाचा खर्च वाढतो, आणि बागायतदाराला दोष देऊन भागत नाही, कारण एका हंगामावर त्याचं वर्ष अवलंबून असतं. माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या संवेदनशील भागांतून रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं, पाच ते दहा वर्षांत बंद करावीत असं सुचवलं होतं. त्या अहवालाचं पुढे काय झालं ते सिंधुदुर्गात कुणाला वेगळं सांगायला नको.

भरत आलेले खड्डे

अप्पासाहेबांच्या मागे त्यांचं काम पुढे नेलं ते पुण्याजवळच्या देहूगावात. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. मापुसकर संडासाच्या प्रश्नात अडकले आणि जन्मभर त्यातच राहिले. अप्पासाहेबांच्या कामातून आलेल्या, संडासाला जोडलेल्या मलप्रभा बायोगॅस संयंत्राचं तंत्र त्यांनी सुधारलं आणि पसरवलं. त्यांनी उभारलेल्या संस्थेला नावही अप्पा पटवर्धनांचंच दिलं. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आणि खुद्द सिंधुदुर्ग? २०१६ च्या ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत डोंगराळ भाग सोडून उरलेल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला. घरोघर संडास झाले. अप्पासाहेबांना आनंद झाला असता, निदान अर्धा तरी. कारण संडास आला पण खत आलं नाही. पुष्कळ घरांनी सेप्टिक टाकी बांधली. तिचं पाणी जमिनीत मुरतं. वर कातळात ते फटींतून वाट काढतं, आणि देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या पट्टीत तर गोड्या पाण्याचा थरच पातळ असतो. तिथे टाकी आणि विहीर यांच्यातलं अंतर हा जिवाचा प्रश्न आहे. टाकीतला गाळ उपसायला टँकर येतो. घरचं नत्र पैसे देऊन बाहेर काढायचं आणि बागेसाठी नत्र पैसे देऊन विकत आणायचं, असा हा व्यवहार.

दोन खड्ड्यांचा संडास हा दुसरा प्रकार. ही तीच जुनी कल्पना, फक्त कप्पे जमिनीखाली गेले. पाच-सहा माणसांच्या घराचा एक खड्डा भरायला साधारण पाच वर्षं लागतात. मग पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचं, वर्ष-दीड वर्ष थांबायचं आणि पहिल्यातलं खत काढायचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे पेयजल व स्वच्छता सचिव स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि आतलं कोरडं खत हातात घेऊन वर आले. देशभर त्याचे फोटो छापून आले, कारण एवढ्या वरच्या अधिकाऱ्यानं हे करणं तेव्हाही बातमीच होती. रत्नागिरीच्या तुरुंगातल्या त्या मागणीला तोवर चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती.

सिंधुदुर्गात त्या सुमारास खणलेले पहिले खड्डे वर्षांच्या हिशोबानं आता भरून गेलेले असणार. ते कोण उघडणार, आणि आतली माती घरामागच्या माडाला घातली जाणार की टँकरवाल्याला फोन जाणार, हे ज्या त्या घरात ठरेल.